न पेटलेला हिरवा दिवा

"मना मालकनी कोनले मारं नही, भाऊ! कोठडीमा त्याले मारी टाकतीन!" धुळ्याकडची बेबाबाई गुप्तहेर लीलाधर चौधरीच्या दारातच कोसळली.

लीलाधरच्या मदतनीस सुपडूने तिला उठवून बसवलं. तिचा नवरा तोताराम पिंप्राळ्याच्या रतिलालशेठच्या केळीवखारीतला गडी. काल संध्याकाळी घरातच शेठचा गळा आवळला गेला आणि तोतारामच्या खांद्यावर काथ्याची दोरी दिसताच पोलिसांनी त्याला उचललं.

दोघांनी आधी प्रेत पाहिलं. जीभ दातांखाली तुटली होती, गळ्यात खोल वळ रुतला होता.

"वळ किती गुळगुळीत आहे बघ," लीलाधर म्हणाला. सुपडूने तोंड फिरवलं होतं. तो काय बघणार, कपाळ!

घरी शेठची बायको पुष्पाबाई भिंतीला टेकून बसली होती. "परवाच ह्यांनी पुतण्याला, मगनला, धंद्यातून काढलं."

"हे कॉम्प्युटर कोणी जोडले?" लीलाधरने शेठच्या टेबलावरून शेजारच्या खोलीत गेलेली वायर दाखवली.

"आमच्या मुलाने, पंडितने, सुट्टीत आला तेव्हा. ह्यांचा आणि शेजारच्या खोलीतला मगनचा. वायरही घरीच केली, तारांची टोकं उलटसुलट करून. असले जुने कॉम्प्युटर थेट जोडायला बाजारची साधी चालत नाही म्हणे."

मगन लॅपटॉपपाशीच होता. "काकू किंचाळली तेव्हा मी ह्याच वायरीवरून काकांच्या फायली ओढत होतो. वायरीला तेव्हापासून कोणी हातही लावला नाही. आज मात्र नेटवर्क लागत नाही."

"लॅपटॉपमधलं लिनक्स बिघडलं असेल," सुपडूने अक्कल पाजळली.

लीलाधरने दोन्ही कॉम्प्युटर चालू असल्याची खात्री केली, त्यांचे नेटवर्कवरचे पत्ते तपासले. सगळं ठीक. फक्त वायर खोचायच्या कार्डावरचा, जोडणी झाल्याचं दाखवणारा हिरवा दिवा लागत नव्हता. त्याने वायर काढली आणि दोन्ही टोकांच्या आतल्या तारांचे रंग जुळवून पाहिले.

"लिनक्स शहाणं आहे, मगन. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच आहे. ही बाजारची साधी वायर, हिच्यावरून एकही फाईल येणार नाही. काथ्याने कातडी खरवडली असती, गळ्यावर कुसळं राहिली असती. वळ गुळगुळीत आहे, कारण गळा पंडितच्या वायरीने आवळला. मग तिच्या जागी ही लावली. परका माणूस पळाला असता. वायर बदलायची गरज फक्त तुला होती, काल तिच्यावरून फायली ओढत होतो, असं सांगायचं होतं म्हणून."

मगनने लॅपटॉप उचलून लीलाधरच्या कपाळावर हाणला. रक्त उडालं. सुपडूने स्टूल फिरवलं आणि मगनचं नाक फुटलं. पंडितची वायर पाण्याच्या टाकीत सापडली.

संध्याकाळी कोठडी उघडली. तोतारामची बोटं मोडली होती. "चला, सुटलात," म्हणत सुपडूने त्याला धरायला हात पुढे केला.

तोताराम कोपऱ्यात सरकला. "मीच मारं, साहेब. आते मारू नका."