प्ले दाबू नकोस

डीव्हीडी लावली की सिनेमाआधी जो मेनू येतो, तो बनवणं हे माझं काम होतं. पाठीमागे एखादं दृश्य, त्यावर ‘प्ले’, ‘भाषा’ अशी बटणं. दृश्य संपलं की पुन्हा पहिल्यापासून. कुणी प्ले दाबेपर्यंत ते आपलं फिरत राहायचं. आता नवे सिनेमे, नव्या मालिका डिस्कवर येतच नाहीत. ॲपवर बोट लागायचा अवकाश, की सुरू! त्याच कंपनीत मी आता ॲपसाठी छोटी पोस्टरं कापत बसतो. पोट भरतं, पण मन लागत नाही.

माझ्या शेवटच्या मेनूत रस्त्याकडेचा एक बाक होता. नुसता बाक ओकाबोका दिसत होता, म्हणून मी बाबांना धरून नेलं.

“मला करायचं काय?”

“काही नाही. बसायचं.”

“मग आईला विचार, माझ्याइतका तयार माणूस तुला मिळायचा नाही.”

बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला, रस्त्याकडे पाहिलं. एवढंच. पुढच्या वर्षी बाबा गेले. सिनेमा नंतर ॲपवर आला तो मेनूशिवाय, आणि एक दिवस तिथूनही गुपचूप काढला गेला. बाबा उरले ते आईजवळच्या डिस्कवर.

रोज संध्याकाळी आई ती लावायची आणि भाजी निवडत नुसता मेनू बघायची. मी रिमोटला हात लावला की म्हणायची, “प्ले दाबू नकोस. ते जातात.”

एकदा म्हणाली, “केस किती पिकलेत बघ यांचे.”

मी हसलो. मग नीट पाहिलं. खरंच पिकले होते. टीव्ही जुना, रंग उडाले असतील म्हणून मी ऑफिसात मूळ फाइल उघडली. तिच्यात केस काळेभोर. ॲपवरची गोष्ट कुणालाही न सांगता बदलता येते. छापलेली डिस्क बदलत नाही. त्याच भरवशावर तर आमचा धंदा उभा होता.

नंतर बाबा सरकले. मी त्यांना बाकाच्या मधोमध बसवलं होतं. आता ते एका कडेला होते आणि शेजारी एका माणसापुरती जागा होती.

मी आईकडे पाहिलं. केस नीट विंचरून ती टीव्हीसमोर बसली होती, गालातल्या गालात हसत. मला आता तिच्याशिवाय होतं कोण?

पुढच्या फेरीत बाबांनी चष्मा काढलाच नाही. रिकाम्या जागेवर हाताने थोपटलं.

मी प्ले दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. बाबा थोपटतच होते.

“आई, तू कुठेही जायचं नाहीस. ऐकतेस ना?”

“मी कशाला जाते?” आईने भाजीतून मान वर केली. “मला केव्हाच विचारून झालंय त्यांचं. मी साफ नाही म्हणाले. जन्मभर शेजारी बसले ते काय थोडं झालं?”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. केवढा घाबरलो होतो मी!

“मग म्हणाले, पोराला तरी पाठव.”

“आणि तू काय म्हणालीस?”

आईने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. “तुझं तूच सांग त्यांना.”