सेव्दाच्या घरात बसून राहिलेल्या दोघी

नेव्हेनानं सप्टेंबरातच सगळं ठरवून टाकलं होतं. ऑक्टोबरचे चार दिवस, रोदोपी डोंगरातलं एक आडगाव, बाजारपेठेच्या वरच्या अंगाला एक पाहुणेघर. बरोबर धाकटी बहीण स्तोयांका. वसंतात तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "जड उचलायचं नाही, दमायचं नाही. नाहीतर मला पुन्हा तोंड दाखवू नका." शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पातेली उपसलेल्या बाईला हे सांगणं सोपं, पण तिच्याकडून पाळून घेणं महाकठीण. म्हणून नेव्हेनानं तिच्यापुढे हात जोडले होते. "चार दिवस दे मला. चमचासुद्धा उचलायचा नाहीस."

पाहुणेघराच्या मालकाला, बोझिलला, तिनं फोन लावला.

"धबधबा दाखवतो मावशी, गुहा आहे, घोडी आहेत..."

"घोडी राहू देत बाबा. गच्ची आहे ना? तिथं दोन खुर्च्या मांड. आम्ही बसणार."



"खुर्च्या आहेत," तो हळूच म्हणाला. "पण आमच्याकडे लोक... फारसे बसत नाहीत."

नेव्हेना हसली. डोंगरातली माणसं कमी बोलतात, बोलली तर असंच काहीतरी बोलतात. तिनं दोन तिकिटं काढली.

घर मात्र दृष्ट लागावी असं होतं. खाली दगडी भिंती, वर काळं पडलेलं लाकूड, आणि दरीवर झुकलेली गच्ची. बोझिल पंचेचाळिशीचा, एकटाच राहणारा, अंगापिंडानं अस्वलासारखा, पण नजर सतत जमिनीवर. त्यानं किसलेल्या बटाट्याची जाड, पुदिना घातलेली भाकरी गरमागरम वाढली. वर घट्ट दही. स्तोयांका दोनदा मागून जेवली. वसंतापासून पहिल्यांदाच.

दुपारी ती झोपली आणि नेव्हेना गच्चीत टेकली. दरीतून धुकं वर चढत होतं. मेंढ्यांच्या घंटा लांबून ऐकू येत होत्या. तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ती खुर्चीत नव्हती. जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात टोपलीभर घेवड्याच्या शेंगा सोललेल्या, नखं हिरवीकाळी झालेली. टोपली कुठून आणली, कधी आणली, काही आठवेना. गुडघे मात्र असे ठणकत होते, जणू तासभर बसली असावी.

"जुनी खोड, जात नाही मेली," ती स्वतःशीच पुटपुटली. बहिणीला मात्र तिनं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दुपारी तिनं झोपायचं नाही असं ठरवलं. तरी पापण्या मिटल्याच. या वेळी जाग आली ती आवाजानं.

खट्... धप्. खट्... धप्.

तो आवाज तिच्या हाडांत मुरलेला होता. स्लिव्हेनच्या कापड गिरणीत तिनं अडतीस वर्षं काढली होती. धागा वाहणाऱ्या धोट्याची खट् आणि वीण ठोकणाऱ्या फणीची धप् तिला मेल्यावरही ओळखू आली असती. आवाज घराच्या तळातून येत होता. आणि वास... कच्च्या लोकरीचा, ओल्या मेंढीचा, दाट. जिन्यातून वर चढत होता.

स्तोयांकाचं अंथरूण रिकामं होतं.

नेव्हेना जिना कशी उतरली ते तिलाही कळलं नाही. धुक्यानं खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या, भरदुपारी संध्याकाळ वाटत होती. तळघराचं दार सताड उघडं. आत रुंद, जुना हातमाग, त्यावर अर्धी विणलेली केसाळ लाल घोंगडी, आणि एका टोकाला स्तोयांका. डोळे उघडे, पण बघत नव्हते. ओठ निळे. कपाळावरून घाम टपटपत होता.

"स्तोयांके! अगं ए... ऊठ!"

 स्तोयांकानं धोटा फेकला. माग इतका रुंद होता की धोटा परत फेकायला दुसऱ्या टोकाला माणूस लागतं. तिथं कोणी नव्हतं.

धोटा परत आला.

मागून पावलं वाजली. दारात बोझिल उभा होता, चेहरा पिठासारखा.

"आई," तो कुजबुजला. "सोड ना त्यांना..."

"कोण आई? बोल!"

"माझी आई... सेव्दा. या मागावरच गेली ती, एकवीस वर्षं झाली. माझ्या लग्नाची घोंगडी विणत होती. पुरी झाली नाही. रिकामं बसलेलं माणूस तिला जिवंतपणीही खपायचं नाही, मावशी. येईल त्याला कामाला लावते. पाहुणे एका रात्रीत पळतात..."

"आणि तू माग तसाच ठेवलास?"

"आईच्या विणीला कात्री कशी लावू?" तो रडायलाच लागला.

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण वेळ नव्हता. तिनं बहिणीचे खांदे धरून ओढलं. खांदे दगडासारखे. उलट तिचीच बोटं वळवळू लागली. पाय आपोआप मागाची पावडी दाबायला सरकले. किती सोपं होतं... बसायचं, विणायचं, संपेपर्यंत. आणि ते संपणारच नव्हतं. धोटा इतक्या वेळा फिरूनही कापड बोटभरसुद्धा पुढे सरकलं नव्हतं, हे तिच्या सरावल्या नजरेनं हेरलं.

तेव्हा तिची भीती गेली आणि संताप आला.

"बोझिल! मेंढ्या भादरायची कात्री. आण!"

तो हलेना. "मुला," ती कडाडली, "तुझी आई एकवीस वर्षं उभी आहे रे! तिचे पाय दुखत नसतील का?"

बोझिल धावला. कात्री थंडगार आणि जड होती. नेव्हेना मागाच्या रिकाम्या टोकाकडे वळून उभी राहिली. तिथली हवा बर्फासारखी होती.

"सेव्दाबाई," ती म्हणाली, आणि आवाज कापू दिला नाही. "मीही विणकरीण आहे. तुझी वीण पाहिली. एक धागा चुकलेला नाही. एवढी घोंगडी एका नवरदेवाला पुरते. विणकरणीला थांबता आलं पाहिजे. आता मी उतरवते."

तिनं ताण्यावर, मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर, कात्री चालवली. पहिला जुडगा तुटला तेव्हा सबंध घर कण्हलं, वरच्या तुळया करकरल्या. बोझिलनं डोळे मिटले. दुसरा जुडगा... तिसरा. कात्री हातातून कोणी हिसकावत होतं, बोटं सोलवटत होती, पण अडतीस वर्षांच्या मनगटानं ती सोडली नाही. शेवटचा धागा तुटला आणि घोंगडी तिच्या पायांवर धपकन कोसळली. जिवंत जनावरासारखी ऊबदार. तिनं गुडघ्यांवर बसून टोकाच्या गाठी मारल्या. एकेक, घट्ट.

"झालं," ती म्हणाली. "पुरी झाली. बस आता."

मागाच्या रिकाम्या टोकाचं बाक हळूच करकरलं. अगदी म्हातारं माणूस टेकावं तसं.

स्तोयांका बहिणीच्या अंगावर कलंडली. ओठांत पुन्हा लाली भरत होती. "ताई," ती म्हणाली, "मला भूक लागलीय. आणि तू काय झाडूबिडू मारत होतीस का? केवढी मळलीस!"

नेव्हेना हसता हसता रडली.

त्या संध्याकाळी बोझिलनं मेंढीच्या कातड्याची पिशवी फुगवून वाजवायचा मोठा मशकबाजा काढला आणि एकवीस वर्षांत प्रथमच अंगणात उभं राहून वाजवला. सगळी गल्ली बाहेर आली. सेव्दाच्या गच्चीत दोन बाया पाय पसरून बसल्यात, हे बघायला शेजारणी काम टाकून आल्या. एकीनं तर देवाचं नाव घेतलं. नेव्हेनानं सोलवटलेल्या हातानं प्लमच्या दारूचा पेला उंचावला आणि ओरडली, "या गं, तुम्हीही बसा!" आणि त्या बसल्या. उगाच. काही न करता. बोझिल जमिनीकडे न बघता हसत होता.

पुढचे दोन दिवस दोघी राण्यांसारख्या लोळल्या. स्तोयांकाचे गाल असे भरले की डॉक्टरही चाट पडले असते.

पाचव्या दिवशी सकाळी अकराची परतीची बस होती. साडेदहा झाले तरी स्तोयांका उठली नव्हती. नेव्हेनानं तिच्या खोलीचं दार वाजवलं.

"अगं, गाडी जाईल!"

आतून हलका, सावकाश आवाज येत होता. थप... थप... तान्ह्या बाळाला थोपटावं तसा.

दार उघडलं. स्तोयांका टवटवीत, गुलाबी चेहऱ्यानं समोर उभी होती, दोन्ही हात चौकटीवर टेकलेले.

"इतकी छान झोप कधी लागली नव्हती बघ," ती आळसावल्या आवाजात म्हणाली. "आणखी थोडं राहू या ना, ताई?"

तिच्या मागे, मिटलेल्या पडद्यांच्या अंधारात, कच्च्या लोकरीचा वास होता, आणि रिकाम्या अंथरुणावर थोपटणं चालूच होतं.