डाव्या हातचा घास

पहिला घाव भट्टीच्या तोंडावर बसला, आणि विटांचा चुरा उडून भिंतीवरच्या फलकावर, 'अस्सल मुंबईच्या चीजचा पिझ्झा' या लालभडक अक्षरांवर जाऊन आदळला...

"अप्पा, थांबा! मी हात जोडतो, अप्पा!" मल्लिकार्जुन किंचाळत होता, पण श्रावणी सोमवारचा निरंकार उपास धरलेल्या त्या पासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याच्या अंगात कुठून एवढं बळ संचारलं होतं कोण जाणे! लोखंडी पहार दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन ईश्वरअप्पा घावावर घाव घालत होते. दुसऱ्या घावाला भट्टीची कमान खचली, तिसऱ्याला आतले निखारे भडाभडा फरशीवर सांडले. खाणावळीत जेवायला बसलेली गिऱ्हाइकं ताटं टाकून रस्त्यावर पळाली आणि, जिंतूरच्या लोकांची रीतच ती, तिथंच उभी राहून तमाशा बघू लागली.

मोरीपाशी भांडी घासत बसलेली महानंदा राखेच्या हातांनी तशीच उठली. ही भट्टी उगाच फुटते आहे, हे त्या घरात फक्त तिला एकटीला ठाऊक होतं... आणि तेच तिला सांगता येत नव्हतं.

सकाळी जंगमस्वामी पाद्यपूजेला आले होते. चौरंग मांडलेला, बेल-भस्म काढून ठेवलेलं, आणि स्वामींनी मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल घातलं नाही. "ईश्वरअप्पा, तुमच्या घरात वासराच्या आतड्याचा रस शिजतो म्हणतात. आमी कसं यावं?" एवढं बोलून ते पाठमोरे झाले. परभणीहून आलेल्या कुणा शहाण्यानं चारचौघांत सांगितलं होतं, की विलायती चीज म्हणे तसंच मुरवतात! गळ्यात लिंग बांधलेल्या, कांदा चिरतानासुद्धा शिवनाम घेणाऱ्या, तीन पिढ्या शाकाहारी खाणावळ चालवणाऱ्या माणसाच्या तोंडावर हे असं फेकलं गेलं, आणि दुपार होईतो अप्पांनी पहार उचलली.

मल्लिकार्जुन तिचा पाठचा भाऊ. पुण्याच्या एका हॉटेलात सहा वर्षं ताटल्या उचलून परत आला, तो डोक्यात पिझ्झा घेऊनच! खाणावळीच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं भट्टी बांधली, सिनेमाच्या मध्यंतरात पाटी झळकवली, गावातल्या मुंजाजीच्या रिक्षाला भोंगा बांधून बाजाराच्या दिवशी झरीपर्यंत ओरडत हिंडला, "एकदा खा, मग बोला!" लोकांनी आधी 'टमाट्याची भाकर' म्हणून हिणवलं आणि आठ दिवसांनी त्याच भाकरीसाठी रांग लावली. कॉलेजची पोरं चीजची तार तुटेपर्यंत ओढायची, हसायची, आणखी मागायची. भोंगा, पत्रकं, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं यातच मल्लूचा दिवस जायचा. चीज किसून परातीत झाकून ठेवलेलं असायचं, ते अक्कानं ठेवलेलं, एवढंच त्याला ठाऊक.

आणि ही अक्का कोण? तर खाणावळीत राहूनही जिला चुलीला शिवायची बंदी होती, ती! नऊ वर्षांपूर्वी राणीसावरगावचं सासर सोडून ती एकटी एसटीनं माहेरी आली, तेव्हा दारातच अप्पांनी सुनावलं होतं, "ज्या हातानं नवऱ्याचं ताट ढकललंस, त्या हातचं मी खानार न्हाई. राहायचं तर राहा." ती राहिली. भांडी घासली, म्हशीचं शेण काढलं, दूध काढलं... का आलीस, म्हणून नऊ वर्षांत एका शब्दानं तिला कुणी विचारलं नाही!

"तुझ्या त्या मुंबईच्या घाणीपायी माझ्या दारातून स्वामी परत गेले!" अप्पांची पहार आता भट्टीवरून मुलाकडे वळली. "धर्म बुडवलास, हरामखोरा!"

पहार मल्लूच्या खांद्यावर बसली. सदरा फाटला, रक्ताची धार कोपरापर्यंत ओघळली, आणि तोवर हात जोडणारा तो पोरगा त्या रक्ताकडे बघताबघताच बदलला. खाली वाकून त्यानं फुटक्या भट्टीची गरम वीट उचलली, हात पोळत असतानाही सोडली नाही, आणि थेट बापाच्या कपाळावर नेम धरला.

"मारा! मारा अजून! एक तर तुमी ऱ्हाल न्हाईतर मी!"

"मल्लू!"

महानंदा निखाऱ्यांतून धावली. पाय भाजले, ते तिला कळलंच नाही. भावाच्या छातीला पाठ लावून ती उभी राहिली, आणि त्याच क्षणी खाली येणारी पहार अडवायला तिनं उजवा हात वर केला.

हाड मोडल्याचा आवाज रस्त्यावरच्या माणसांनीसुद्धा ऐकला...

वीट मल्लूच्या हातून गळून पडली. अप्पा पहार धरून तसेच थिजले. महानंदा मात्र रडली नाही. लोंबकळणारा हात पोटाशी धरून ती भिंतीला टेकली, आणि नऊ वर्षं गिळलेला आवाज तिच्या गळ्यातून फुटला.

"त्याला मारू नका, अप्पा! मुंबईचं चीज ह्या भट्टीत कधी गेलंच न्हाई! ते... ते माझ्या हातचं हाय!"

"खोटं बोलायलीस तू! भावाला वाचवायलीस!"

"उकिरड्यात, गवऱ्यांच्या मागं खंदून बघा! चार डबे पुरल्यात मी!"

खणायला मल्लूच गेला, बापाच्या हातातली तीच पहार हिसकावून घेऊन. थोड्या वेळानं परतला, तेव्हा त्याच्या कवेत मातीनं माखलेले चार डबे होते. एक उघडलेला, आणि तीन तसेच मोहोरबंद, टम्म फुगलेले. उघड्या डब्याच्या वासानं बघ्यांची गर्दी चार पावलं मागं सरकली.

दुकान उघडायच्या आधी वैशाखात विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणापायी बंद पुकारला गेला, गाड्या जागोजाग अडल्या, आणि मुंबईहून निघालेला पहिला डबा तीन दिवस उन्हात तापून आला होता. तिनं एकटीनं तो उघडला, वासानंच तिला भडभडून आलं. दोन दिवसांवर उद्घाटन. गावभर भोंगा फिरलेला. भावाचा चेहरा आनंदानं फुललेला... तिला सांगवेना! निरसं म्हशीचं दूध कोमट करून तिनं त्यात चार दिवसांचं आंबट ताक सोडलं, धरलेला गोळा कढत पाण्यात बुडवला, ओढला, घडी घातली, पुन्हा ओढला. दोनदा चोथा झाला. तिसऱ्यांदा तार सुटली! त्यानंतरचा प्रत्येक डबा वाटेतल्या उष्म्यानं फुगूनच आला, आणि ती रोज पहाटे गोठ्यात बसून हात पोळून घेत राहिली.

"अक्का, मला का सांगितलं न्हाईस गं?" मल्लू डबे टाकून तिच्या पायाशी बसला. "मी मूर्खासारखा मुंबई मुंबई करत हिंडलो! पुण्याच्यापेक्षा हितलं चांगलं लागतंय, एवढंच कळायचं मला..."

"सांगितलं असतं तर अप्पांनी दुकान बंद केलं असतं, बाळा. माझ्या हातचं कसं चाललं असतं?" मग ती बापाकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांतून आता कुठं धारा लागल्या. "माझ्या हातचं न खायचं तुमचं व्रत तर कवाच मोडलंय, अप्पा. उद्घाटनाला तुमी खाल्लात, आणि आणखी एक तुकडा मागितलात. मी दाराआड उभी होते... नऊ वर्षांनी माझ्या बापानं माझ्या हातचं मागून घेतलं! ते एकदा ऐकलं आणि वाटलं, आता मेले तरी चालंल!"

ईश्वरअप्पांनी एकवार डब्यांकडे बघितलं. पण मोडेल पण वाकणार नाही असली ती जात, पुराव्याचे डबे समोर असतानाही ते म्हणाले, "मला काय ठाऊक, ह्या हाताला जमतं का न्हाई ते!"

महानंदा फळीकडे वळली. फळीवरची परात तेवढी धक्क्यातून वाचली होती. सकाळी ओढलेल्या चीजचा पांढरा तुकडा तिनं उचलला आणि बापापुढं हात केला. डावा हात! उजवा तर सुजून काळानिळा होऊन छातीशी लटकत होता. देवाच्या दिवशी, उपास सोडवायला, बापाला डाव्या हातानं घास... रस्त्यावर कुणीतरी "अरे अरे" केलं.

अप्पांची नजर मात्र घासावर नव्हतीच. त्या डाव्या तळव्यावर, बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत, गोल, जुनाट, सुरकुतलेला डाग होता.

"हे... हे कशाचं?"

"सासरचं. तवा तापवून त्यानं हात दाबून धरला होता, भाकर करपली म्हणून. दुसऱ्या हातानं मी ताट ढकललं, अप्पा."

नऊ वर्षं! नऊ वर्षं ही लेक त्यांच्या डोळ्यांसमोर राखेनं भांडी घासत होती, आणि बापानं एकदाही तो तळवा उलटून बघितला नव्हता. ईश्वरअप्पा मटकन खाली बसले. गुडघ्यावर सरकत तिच्यापाशी आले, दोन्ही हातांनी तिचा तो डावा हात धरला आणि त्या डाव्या हातातूनच घास तोंडात घेतला. चावताना त्यांच्या दाढीवरून आसवं गळत होती.

"पोरी... तिकडं त्यानं भाजला, इकडं मी मोडला!"

"असू द्या, अप्पा."

"कसं असू दे गं?" आणि तो पहारीसारखा माणूस भर बाजारात, गर्दीसमोर हुंदके देऊन रडला.

भट्टी पुन्हा उभी राहायला पंधरा दिवस लागले. विटा अप्पांनीच रचल्या. बाजाराच्या दिवशी मुंजाजीची रिक्षा निघाली तेव्हा मल्लू भोंग्याचा माईक घ्यायला गेला, तर आत आधीच कुणीतरी बसलेलं! ज्याला भोंग्याचा सदा तिटकारा, तो म्हातारा माईक उलटासुलटा करून बघत होता.

प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून महानंदा भट्टीपाशी उभी होती. आतून तिनं आवाज ऐकला, खरखरीत, गावभर जाणारा...

"ऐका हो, जिंतूरकर! चीज मुंबईचं न्हाई! ते माझ्या लेकीच्या, महानंदाच्या हातचं हाय! मी रोज खातो... तुमीपण या!"