नाक सुट्टीवर असताना

"हे चारही एकच आहेत!" मी म्हटलं, आणि अंकुरचा चेहरा असा पडला, जणू मी त्याचं टेबलच उलटं केलं...

साकोलीच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्याच अकरावीतल्या, पण दुसऱ्या तुकडीतल्या या अंकुरनं शरबताचे चार ग्लास मांडले होते. पिवळा, हिरवा, केशरी, लाल. लोक घोट घ्यायचे आणि छातीठोक सांगायचे — हा खस, हा गुलाब! एक सर तर "संत्रा एकदम नागपुरी!" म्हणून मिश्या पुसत गेले. होतं सगळं लिंबूशरबतच, फक्त रंग वेगळे. डोळे जिभेला कसे फसवतात, हेच त्याला दाखवायचं होतं. आणि मी, एकोडीहून बसनं येणारी प्रतिक्षा, फसलेच नाही!

"तुले कोणी सांगतलं?" तो कुजबुजला.

"कोणीच नाही."

"मंग? जादू हाय काय?"

"जादू नाही गा. मले सगळेच नुसते आंबट-गोड लागून राहिले. उन्हाळ्यात कोरोना झाला, तवापासून नाक सुट्टीवर हाय माझं."

बोलले आणि जीभच चावली. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच! तिनं यंदा बांधीत, म्हणजे आमच्या धानाच्या शेतात, चिन्नोर हा वासाचा धान लावला होता, खास माझ्यासाठी. तो भात शिजला की वास पार रस्त्यावर जातो. आई रोज ताट वाढून विचारायची, "कसा झाला व?" मी रोज म्हणायची, "मस्त!" तोंडात मात्र ओला कागद. खरं सांगितलं तर तिची सगळी मेहनतच मातीत जाईल, असं वाटायचं.

मला वाटलं, अंकुर हसेल. तो हसला नाही. "उद्या मधल्या सुट्टीत भेट," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तलावातले ताजे सिंगाडे सोलून आणले. माझ्या कानाला हेडफोन लावला, गाणं फुल्ल!

"चाव."

चावला. मऊ, मेलेला.

हेडफोन काढला. "आता चाव."

कडाक्! तोच सिंगाडा — गार, ताजा, जिवंत!

"कान बी खाते काय गा?"

"खातेच त! माझे बाबा कोसा रेशीम विणते. कापड कानाजवळ चुरगळून पायते. आवाज चांगला आला, त बोटालेही चांगलं लागते म्हणते."

मग रोज काहीतरी कुरकुरीत. मुरमुरे, भाजलेले दाणे, पापड...

"तू खाऊन राहिली, का मले पाहून राहिली?"

"दोन्ही. डोळ्यानं चव बदलते, तूच त म्हटलं!"

"मंग... बदलली?"

"आज मुरमुरे लय गोड हायेत."

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असतील, पण ते मला कुठे दिसणार!

एक दिवस त्यानं हळूच विचारलं, "घरी सांगतलं?"

"नाही."

"तुह्या मायनं धान लावला, आन् तिलेच फसवून राहिली? मले सांगू शकते, तिले काहून नाही?"

राग आला. बसमध्ये अख्खा रस्ता तो गेलाच नाही. घरी पोचेपर्यंत मात्र कळलं, अंकुर खरं बोलला होता...

संध्याकाळी आईनं ताट वाढलं. "कसा झाला व?"

"आई... मले वासच येत नाही."

तिनं हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणून काल डाळ करपली तरी तू गुमान खाल्ली! येडी. मी भात नाकासाठी लावला काय? तुह्यासाठी लावला."

तिनं मूठभर कुरड्या तळल्या आणि भातावर चुरल्या. कुरकुर ऐकली, वाफ गालाला लागली, आईचा हात पाठीवर होता... वास नाही आला. पण मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, आणि त्या रात्रीचं "मस्त" शंभर टक्के खरं होतं!

सकाळी अंकुर बस स्टँडवर उभा होता. मी बसमधून उतरले ती थेट त्याच्यासमोर.

"सांगतलं."

"मंग?"

"मंग काय... थँक्यू. आन् — तू मले आवडते. लय."

तो एसटीच्या पाटीकडे बघत चाचरत म्हणाला, "मले बी... पयल्याच दिवसापासून. उद्या... उद्या काय आणू खायाले?"

"काहीच नको," मी म्हटलं. "रिकाम्या हातानं ये."