धोंडुबाईचा टाका

सांगली–सातारा एसटीत माझ्या खांद्यावर मागून हात पडला. मी वळूनही न बघता म्हणाले, "हात काढा."

"माझा नाही तो," मागून आवाज आला. घाबरलेला... पण बरा होता आवाज.

वळले, तर नुसती हाडं! मागच्या माणसाच्या कापडी पिशवीतून सांगाड्याचा अख्खा हात बाहेर आला होता आणि त्याची बोटं माझ्या ओढणीत अडकली होती.

"प्लास्टिकचा आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "मी शरीररचना शिकवतो. मेडिकलच्या मुलांना. म्हणजे... सॉरी."

कंडक्टर येऊन उभा राहिला. "ह्यास्नी हाफ काढू का फुल?"

सगळी बस हसली. बिचारा कानापर्यंत लाल झाला. मी हाडांची बोटं एकेक करून सोडवत होते, तेवढ्यात त्याच्या मांडीवरचा झेरॉक्स कागद दिसला. जुन्या मोडी लिपीतला.

"उलटा धरलाय," मी म्हणाले.

"काय?"

"कागद. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग अक्षरं तिच्याखाली लटकवतात. तुमची रेघ खाली आलीय."

त्यानं कागद फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. आमच्या दुष्काळी माण तालुक्यात एप्रिल-मेमध्ये लोक पाण्याच्या टँकरकडं बघतात ना, तसं.

मी अपेक्षा विरकर. वय बत्तीस, घर मेंढपाळाचं. साताऱ्यात कचेरीसमोर माझं एक टेबल, एक मोठी छत्री आणि एक भिंग आहे. लोक पणजोबांचे कागद घेऊन येतात, मी मोडी वाचून देते. त्या दिवशीही सांगलीला एका खटल्यातला कागद वाचूनच परतत होते. लग्नाचं म्हणाल, तर 'पोरगी जुनी कागदं वाचती' म्हटल्यावर बरीच स्थळं चहा अर्धा टाकून उठली होती.

आणि तो शिवतेज फडतरे. सांगलीच्या कॉलेजात शिकवायचा. त्याचे काका लालासाहेब, निवृत्त सुभेदार मेजर, साताऱ्यात राहायचे. त्यांचे पणजोबा डॉक्टर रामराव, सव्वाशे वर्षांपूर्वी ह्या भागातले पहिलेवहिले सर्जन. त्यांच्या लाल कापडात बांधलेल्या सात वह्या घरात होत्या. दर दसऱ्याला त्यांच्यावर हळदकुंकू पडायचं. वाचलं मात्र कुणीच नव्हतं. आता काकांना त्यांचं 'समग्र लेखन' छापायचं होतं, आणि संपादक पुतण्या. ज्याला कागद सुलटा धरता येत नव्हता!

कराड येईपर्यंत ठरलं. दर शनिवारी वाचनालयाच्या माडीवर मी वाचणार, तो लिहून घेणार.

तो सांगलीहून भडंगाचं पाकीट आणायचा, मी घरून चहाचा थर्मास. पहिले दोन शनिवार आम्ही फार सभ्य होतो. तिसऱ्या शनिवारी मी वाचलं — 'आज एका इसमाचे बोट वाचविले. बोटाच्या धन्याने एक कोंबडी दिली. कोंबडीचेही विच्छेदन झाले, परंतु स्वयंपाकघरात.'

शिवतेज इतका हसला की भडंग घशात गेलं. मला त्याच्या पाठीवर थापटावं लागलं. थापटून झाल्यावरही हात जरा... जास्तच वेळ राहिला असेल.

"तुमच्या पणजोबांच्या वडिलांना विनोद होता," मी म्हणाले. "मग मध्ये कुठं गळाला?"

"मध्ये तीन पिढ्या फौजेत होत्या."

पाचव्या वहीत हाताची रचना होती. मनगटात आठ हाडं असतात, रामराव लिहितात, खिशातल्या खड्यांसारखी.

"आठ? मला तर एकच लागतंय," मी माझं मनगट दाबत म्हणाले.

"द्या हात." मग स्वतःच दचकून, "म्हणजे... दाखवायला."

"दाखवायलाच देतेय."

त्यानं अंगठ्यानं एकेक हाड दाखवलं. बाहेर साताऱ्याचा आषाढ कौलांवर सरसरत होता, माडीवर ओल्या कागदांचा वास होता. चार हाडं झाली आणि तो थांबला.

"विसरलात?"

"नाही," तो म्हणाला. "तुमची नाडी मध्ये येतेय. फार जोरात आहे."

"जिना चढून आलेय."

"दोन तास झाले त्याला."

मी हात काढून घेतला आणि पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली ते घरी गेल्यावर कळलं.

लालासाहेब एकदा वाचनालयात डोकावले. शिवतेज ताडकन उभा राहिला. "काका, ह्या... मोडी वाचणाऱ्या बाई."

मोडी वाचणाऱ्या बाई! मी नमस्कार केला. ते गेल्यावर मी शिवतेजला चहा दिला नाही. का, ते त्याला कळलं नाही. पुरुषांना मनगटातली आठ हाडं कळतात, एवढंच.

सप्टेंबरात सातवी वही आली. त्यात मधोमध एक पान होतं. मी वाचायला लागले.

'मौजे दहिवडीकडे तंबू असता धोंडुबाई नावाची मेंढपाळीण पाहिली. लांडग्याने पोट फाडलेला मेंढा तिने माझ्यासमोर शिवला. सर्व एकदम ओढून नव्हे. आतला पडदा वेगळा, मांस वेगळे, कातडे वेगळे. प्रत्येक टाक्यास स्वतंत्र गाठ. तिसऱ्या आठवड्यात तो मेंढा चरत होता. मी शिवलेला मनुष्य तोवर मेला होता.'

माझा आवाज बदलला असावा. शिवतेजनं लिहिता लिहिता वर बघितलं.

"माझी आई असाच टाका घालते," मी म्हणाले. "अजून. हरणाबाई विरकर. दाभण उकळून घेते आणि एकेक गाठ वेगळी मारते. म्हणते, एक तुटली तर बाकीच्यांनी का मरायचं?"

पुढं होतं — 'हीच रीत मी चाळीस रोग्यांवर केली. सदतीस जगले. लेख छापून आला. त्यावर नाव माझे आहे.'

शिवतेजनं पेन खाली ठेवलं. त्या लेखावरच तर घराण्याचं नाव उभं होतं. लालासाहेबांच्या दिवाणखान्यात तो चौकटीत लावलेला होता.

"हे भारी आहे," तो म्हणाला. मग हळूच, "पण काकांना फार लागेल. आपण असं करू... तळटीप देऊ. 'ही पद्धत त्यांनी एका स्थानिक स्त्रीकडून पाहिली.'"

"आणि नाव?"

"नाव... नको. कशाला उगीच?"

मी वही मिटली. पानाचा शेवट अजून वाचायचा राहिला होता.

"शिवतेज, तुमच्या घरात वाचणाऱ्या बाईला नाव नसतं, शिवणाऱ्या बाईलाही नसतं. मग मी इथं काय करतेय?"

"अपेक्षा, अहो, असं नाही—"

"हे पान पूर्ण छापणार असाल तर पुढं वाचीन. नाहीतर दुसरी शोधा."

जिना उतरताना वाटलं, तो हाक मारेल. त्यानं मारलीही असेल, पण मला ऐकू येईल इतक्या जोरात नाही.

तीन शनिवार गेले. त्याचे मेसेज यायचे. 'बरं वाटतंय का?' मला काय झालं होतं बरं न वाटायला! टेबलावर आलेल्या म्हातारबाबांवर मी उगाच खेकसायची, मग त्यांनाच चहा पाजायची. पाचच्या सांगली गाडीचा भोंगा वाजला की मान आपोआप वळायची. मानेतली हाडं किती असतात, ते शिकायचं राहूनच गेलं होतं.

चौथ्या शनिवारी परतीचा पाऊस धो धो कोसळत होता. माझ्या छत्रीखाली एक दुसरी छत्री घुसली. लालासाहेब! ताठ, मिशांतून पाणी गळतंय, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सातवी वही. मागं शिवतेज, नखशिखांत भिजलेला.

"पोरी," लालासाहेब म्हणाले, "ह्यो म्हणतो, त्ये पान गाळायचं तर संपादक म्हणून माजं बी नाव गाळा. तोंडावर बोलला माज्या. आजवर ह्या घरात माज्याम्होरं कुणी खोकलं न्हवतं!"

मी शिवतेजकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. खाली नाही, काकांकडंही नाही.

"तीन आठवडं आमी एकमेकांशी बोलत न्हाई," लालासाहेब पुढं म्हणाले. "काल ध्यानात आलं, ज्या पानापायी भांडतोय, त्ये मी ऐकलंच न्हाई. वाच. सगळं वाच."

शिवतेज टेबलाच्या कडेला टेकला आणि त्यानं कागद-पेन काढलं. मी सुरुवातीपासून वाचलं. मेंढा, टाके, सदतीस माणसं. आणि मग जे कुणीच ऐकलं नव्हतं ते —

'लेखात तिचे नाव घालण्याची लाज वाटली. मेंढपाळ बाईपासून शिकलो, असे सांगवेना. शस्त्र धरताना हा हात कधी थरथरला नाही. ते नाव लिहिताना थरथरला. म्हणून लिहिले नाही. भ्यालो.'

पाऊस छत्रीवर आपटत होता. लालासाहेबांनी मिशा पुसल्या. मग डोळे पुसले, मिशाच पुसतोय असं दाखवत.

"भ्यालो, असं लिवलंय?"

"व्हय, काका," मी म्हणाले.

"पन्नास वरसं त्यांच्या फोटूला सॅल्यूट ठोकतोय. आज पयल्यांदा वाटलं, ओळख झाली." त्यांनी घसा खाकरला. "छापा. नावासकट छापा." आणि पुतण्याकडं वळून, "पर एक सांग मर्दा. निस्त्या पानासाठी कुणी चुलत्याशी भांडत न्हाई. ही कोण तुजी?"

शिवतेजच्या केसांतून पाणी गळत होतं. तो बोलला, आणि ह्या वेळी रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं.

"ही अपेक्षा विरकर, काका. मला हिच्याशी लग्न करायचंय."

चहावाल्याचं पातेलं उतू गेलं.

"मला विचारलंत?" मी म्हणाले.

"विचारणारच होतो... आधी पान..."

"मग विचारा."

"करशील?" तो म्हणाला. सात महिन्यांत पहिल्यांदा 'अहो-जाहो' सुटलं होतं.

लालासाहेबांना अचानक चहाची फार तल्लफ आली. ते छत्री उघडून पलीकडं गेले.

मी वहीकडं बघितलं. "शेवटची ओळ राहिलीय," मी म्हणाले. "ती घ्या आधी."

"अपेक्षा—"

"घ्या लिहून."

त्यानं पेन उचललं. मी बोट ठेवून सावकाश वाचलं, "'पुढेमागे... माझे सर्व लेखन... कोणी एकत्र केले... तर हे पान... सर्वांत आधी ठेवावे.'"

तो मान खाली घालून लिहीत होता.

"हो," मी म्हणाले.

त्यानं तेही लिहिलं. आणि मग त्याचं पेन थांबलं.