ओस्टापचा वाडगा

मोत्रियाने बीटाच्या साराचं पातेलं उतरवलं आणि मेजाकडे पाहिलं. माणसं तीन, वाडगे चार. युक्रेनच्या त्या खेड्यात मेलेल्यालाही गरम सार वाढतात. वाफ त्याची, उरलेलं घरच्यांचं.

"हा कुणाचा, ओलेस्या?"

सुनेने चौथा चमचाही मांडला.

"माझा ओस्टाप मेला, हे तुला कोण सांगून गेलं? आधी प्रेत दाखव, मग वाडगा मांड."

ओलेस्याने तरी त्यात सार ओतलं.

रशियन शिपाई सहा महिने गावावर बसले होते. पळताना शाळेच्या तळघरातली कोंडलेली माणसं घेऊन गेले. त्यांत ओस्टाप होता. गाव सोडवणाऱ्या पलटणीत कोलंबियाहून आपणहून आलेला विल्मार होता. पलटण पुढे गेली. हा आपली रजा इथेच काढत होता, लोखंडी गज घेऊन. जमिनीत खुपसायचा, उपसायचा, टोक हुंगायचं; खाली प्रेत पुरलेलं असलं तर टोकाला वास लागतो. त्याच्या आईने त्याच्या भावाला असंच शोधलं होतं.

"तुमच्याकडे चुली नाहीत वाटतं, माझ्याच चुलीवर टपलास ते?" मोत्रियाने त्याच्या वाडग्यात दुप्पट साय घातली. कुणाच्या लेकरांसाठी सुरुंगांतून फिरतो हा. याच्या आईची कूस धन्य, असं तिला वाटे. बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

"तुमच्यासारखी तिखट सासू नाही आमच्याकडे, आजी," तो मोडक्या बोलीत म्हणाला. मग चमचा थांबला. "वारा कुठून येतोय?"

खिडक्या बंद होत्या. तीन वाडग्यांची वाफ सरळ वर जात होती. चौथ्याची काठावरून उतरून, विंचरलेल्या केसांसारखी, दाराकडे पसरली होती.

मोत्रियाने वाडगा फिरवला. वाफ पुन्हा दाराकडे वळली.

विल्मारने गज उचलला.

"वाडगा मी धरते," ती म्हणाली. "तू पुढची जमीन बघ."

तो गजाने माती चाचपत पुढे, ती त्याच्या पावलांत पाऊल टाकत मागे. सफरचंदांच्या बागेपलीकडे, आटलेल्या तळ्याच्या काठी वाफ खाली वाकली आणि गवतात शिरली.

विल्मारने गज खुपसला. हुंगला. टोपी काढली. मग हातांनीच उकरू लागला.

निळ्या लोकरीची बाही वर आली.

"आजी, बघू नका."

"सर बाजूला. मीच विणलाय तो स्वेटर."

कोपराला तिने लावलेलं ठिगळ होतं. शेजारी दुसरी बाही, तिसरी. तळघरातले सगळे एकमेकांना खेटून होते.

ती खाली बसली. वाडगा मांडीवर. "ओलेस्याचं खरं होतं," एवढंच म्हणाली.

विल्मार तिच्या मांडीवरच्या वाडग्याकडे पाहत होता.

वाफ मातीतून उठली होती. तळं ओलांडून ती पाइनच्या जंगलाकडे निघाली होती. तिकडे या गावातलं कुणी नेलं नव्हतं.

"तुम्ही लेकाजवळ बसा. मी जातो."

"आणि वाडगा कोण धरणार, तुझा कर्नल?" मोत्रिया गुडघ्यावर हात टेकून उठली. "तिकडे पडलेल्यांनाही कुणीतरी विणून घातलं असेल."

तो पुढे झाला. ती मागे.

चालताना तिचा अंगठा सारात बुडाला. सार बर्फगार होतं, वर चरबीचा पांढरा थर धरला होता. वाफ मात्र येतच होती, आणि झाडांपाशी तिला फाटे फुटत होते.