टाळांपासून पळालेली नवसाबाई

“हे खूळ तुझ्या माहेरचं! आमच्या घराण्यात टाळाला भिणारं कुणी जल्मलं नाय. आज काला झाला, की पोरीला घे आन् घोटीची गाडी धर!”

पुंजाराम गरजले, आणि मंडपासाठी झेंडूची माळ ओवणाऱ्या शुभांगीचे हात थांबले. काल कीर्तनात, ऐन गजरात, तिची पाच वर्षांची तृप्ती कान दाबून किंचाळली होती... साऱ्या गावासमोर!

“मामंजी, नाशिकचे डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. पण आलेला आवाज तिच्या मेंदूला आवरत नाही, भाजल्यासारखं होतं. रक्तातूनही येतं असं...”

“मंग तुझ्याच रक्तातनं!”

“असेल,” सून पुटपुटली.

दाराआड तिच्या सासूबाई, नवसाबाई, हे ऐकत होत्या. ज्या गजरात भोळ्याभाबड्यांना वैकुंठ दिसावं, त्यात नवसाबाईंच्या कानशिलात खिळे ठोकले जात! हे पाप सांगावं कुणाला? म्हणून तर त्यांनी मंडपाबाहेर चपला राखायची सेवा मागून घेतली. आणि लोक म्हणाले, केवढी ही निष्ठा! पस्तीस वर्षांच्या त्या सेवेचा आज सत्कार होता... आणि इथे निर्दोष सून घराबाहेर निघाली होती!

काल्याला कीर्तनकार बुवांनी साडी-नारळ पुढे केला. नवसाबाईंनी हात मागे घेतले.

“ही सेवा नव्हती, बुवा... मी पळत व्हते. टाळ मला सोसत नाय. नातीला माझंच लागलंय, सुनेचं नाय!”

“चपला राखल्याच ना? चोरल्या तर नाय!” बायकांतून शेजारची अंबूबाई म्हणाली. मंडप हसला, नवसाबाईंची मान आणखीच खाली गेली.

“पस्तीस वर्सं?” पुंजारामांचा आवाज फाटला. “मला तरी सांगायचं!”

“तुमी टाळकरी... तुमालाच कसं सांगू?”

शुभांगीनं येऊन सासूला सावरलं. “आत्याबाई, मला ठाऊक होतं. कीर्तनाहून आलात की तुमच्या कानातला कापूस मीच केरात टाकायचे.”

“आन् तरी ‘असेल’ म्हणालीस?...”

“तुमची झाकली मूठ मी कशी उघडू?”

लाजेनं नवसाबाई सुनेच्या पायांशी वाकल्या; तिनं वरचेवर धरलं. पुंजारामांनी मात्र गळ्यातले टाळ उतरवले, नातीला कडेवर घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा गजर सुरू होण्याआधी ते मंडपाबाहेर जाऊन बसले.